रुग्णवाहिका नेमकी कुठे आहे?

२६ ऑक्टोबर १९९२ हा सोमवार होता. लंडनच्या वॉटर्लू भागातील रुग्णवाहिका सेवेच्या मध्यवर्ती नियंत्रण कक्षात त्या सकाळी टेबलांची मांडणी बदललेली होती. वर्षानुवर्षे ज्या कागदी नोंदपत्रकांवर काम चालत आले होते ती बाजूला ठेवली होती आणि कर्मचाऱ्यांना बसण्याच्या नव्या जागा दिल्या होत्या. आजारी किंवा जखमी माणसासाठी शहरातून कोणी दूरध्वनी केला, तर त्याच्याकडे कोणती रुग्णवाहिका पाठवायची हे त्या दिवसापासून संगणक ठरवणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास हा प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. मधल्या दीड दिवसात काही ठिकाणी एकाच रुग्णासाठी दोन-दोन गाड्या पोहोचल्या, तर काही ठिकाणी एकही पोहोचली नाही. कित्येकांना तर दूरध्वनी उचलला जाण्यासाठीच कित्येक मिनिटे वाट पाहावी लागली. सेवेच्या मुख्याधिकाऱ्यांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. पुढे चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या अहवालातील एक निष्कर्ष वाचून आम्ही प्रथम चक्रावलो होतो. समितीच्या मते २६ आणि २७ ऑक्टोबर या दोन दिवशी संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडलाच नव्हता. त्याचा प्रतिसाद मंदावला होता हे खरे, पण त्याला जे करायला सांगितले होते तेच तो बहुतांशी करीत होता. शहरभर गोंधळ माजलेला, आणि यंत्र मात्र आपले काम करते आहे! मग एखादी माहिती-व्यवस्था चांगली की वाईट हे ठरवायचे तरी कसे? मोजपट्टी कोठे लावायची?

याचे उत्तर शोधायचे तर आधीचे काम कसे चालत होते ते पाहिले पाहिजे. लंडनची सेवा त्या काळी जगातील सर्वांत मोठी रुग्णवाहिका सेवा समजली जाई. सुमारे ६०० चौरस मैलांचा प्रदेश, ६८ लाख वस्ती, आणि दिवसाला दोन ते अडीच हजार दूरध्वनी. त्यांपैकी निम्म्याहून अधिक तातडीचे. दूरध्वनी घेणारा कर्मचारी छापील पत्रकावर पत्ता आणि तक्रार लिहून घेई, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधे आणि पत्रक सरकत्या पट्ट्यावर टाकी. पट्ट्याच्या टोकाला बसलेला दुसरा कर्मचारी पत्रके गोळा करून शहराच्या तीन विभागांप्रमाणे वाटून देई. विभागातला जाणकार माणूस कोणती गाडी मोकळी आहे हे पाहून तिचा क्रमांक पत्रकावर लिही. मग त्या गाडीच्या ठाण्याला दूरध्वनी जाई, किंवा गाडी रस्त्यावर असेल तर बिनतारी संदेश जाई. दूरध्वनी आल्यापासून गाडी निघेपर्यंतचे हे सारे तीन मिनिटांत उरकावे असा दंडक होता.

या पद्धतीत उणिवा होत्या आणि त्या सर्वांना ठाऊक होत्या. पत्ता सापडायला वेळ लागे. पत्रके या टेबलावरून त्या टेबलावर फिरत. एकाच अपघातासाठी पाच जणांनी दूरध्वनी केले, तर ते पाचही एकाच घटनेचे आहेत हे ओळखणे पत्रके गोळा करणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असे. पण या पद्धतीत एक गोष्ट अशी होती की जी कोणत्याही पत्रकावर लिहिलेली नव्हती. विभागातला माणूस आणि गाडीवरचे कर्मचारी एकमेकांशी बोलत असत. गाडी ठाण्यावर नोंदलेली आहे, पण प्रत्यक्षात तिच्या जागी दुसरीच गाडी बाहेर पडली आहे, हे बोलण्यातून कळे आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होई. पद्धत चालत होती ती कागदांमुळे जेवढी, तेवढीच या बोलण्यामुळे. नवी व्यवस्था आखताना कागदांची मोजदाद झाली. बोलण्याची कोणी केली असे दिसत नाही.

संगणकीकरणाचा एक प्रयत्न १९९० च्या सुमारास कित्येक लाख पौंड खर्चून सोडून द्यावा लागला होता. नंतर नवा आराखडा तयार झाला, आणि तो फार महत्त्वाकांक्षी होता. पत्ता टंकित करताच संगणकाने नकाशावर जागा दाखवायची, प्रत्येक गाडीवरच्या उपकरणाने ती कुठे आहे हे कळवायचे, गाडीतील कर्मचाऱ्यांनी बटणे दाबून ‘निघालो’, ‘पोहोचलो’, ‘मोकळे झालो’ असे संदेश द्यायचे, आणि या सगळ्यांवरून कोणती गाडी पाठवायची हे यंत्राने ठरवायचे. हे सर्व एका वर्षाच्या आत उभे राहावे, ८ जानेवारी १९९२ रोजी सुरू व्हावे, अशी अट होती. निविदा भरणाऱ्यांपैकी अनेकांनी मुदत अपुरी असल्याचे कळवले होते. काम मिळाले ते सर्वांत कमी रकमेच्या निविदेला. ही रक्कम दहा लाख पौंडांच्याही आत होती, आणि आज्ञावली लिहिणारी संस्था लहान व या क्षेत्रात नवखी होती.

मुदत अर्थातच पाळली गेली नाही. १९९२ मध्ये व्यवस्थेचे वेगवेगळे भाग तुकड्या-तुकड्यांनी वापरून पाहिले गेले, त्रुटी सापडत गेल्या, दुरुस्त्या होत गेल्या. पण सगळे भाग एकत्र जोडून, गर्दीच्या दिवसाइतका भार टाकून, पूर्ण व्यवस्थेची चाचणी कधी झालीच नाही. प्रशिक्षण दिले गेले, पण ते बऱ्याच आधी, त्यामुळे प्रत्यक्ष वापराची वेळ येईपर्यंत अनेक जण ते विसरले होते. त्यात १९८९-९० च्या वेतनसंघर्षामुळे व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यात कटुता होती. संगणक हे कामात शिस्त आणण्याचे साधन आहे असे एका बाजूला वाटत होते, आणि आपल्या डोक्यावर बसवलेला पहारेकरी आहे असे दुसऱ्या बाजूला.

आता २६ ऑक्टोबरला काय झाले ते पाहू. विज्ञानाच्या शिक्षकांना यात एक ओळखीची साखळी दिसेल.

गाडी ठरवण्यासाठी संगणकाला प्रत्येक गाडीची जागा आणि स्थिती जवळजवळ अचूक माहीत असणे आवश्यक होते. पण शहरात काही जागी बिनतारी संदेश पोहोचत नसत. पाळी बदलताना एकाच वेळी फार संदेश आले की ते एकमेकांत अडकत. घाईत चुकीचे बटण दाबले जाई, किंवा दाबायचे राहून जाई. ठरवलेल्या गाडीऐवजी कर्मचारी दुसरीच गाडी घेऊन निघत. परिणामी संगणकाच्या हिशेबात मोकळ्या गाड्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू लागल्या. गाड्या कमी म्हटल्यावर निवड करायला वाव कमी, म्हणून तो दूरची गाडी पाठवू लागला. ज्या नोंदी जुळत नव्हत्या त्यांबद्दल तो सूचना देऊ लागला. त्या सूचनांची रांग इतकी वाढली की आधीच्या सूचना पडद्यावरून वर सरकून दिसेनाशा झाल्या. त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही म्हणून त्याने त्या पुन्हा दिल्या. रांग आणखी वाढली आणि यंत्र मंदावले. गाडी येत नाही म्हणून लोकांनी पुन्हा पुन्हा दूरध्वनी केले, म्हणजे कामाचा भार वाढला. आपल्या विभागापासून लांब, अनोळखी वस्तीत पाठवले गेलेले कर्मचारी वैतागले, आणि वैतागलेल्या माणसाच्या हातून बटणे आणखीनच चुकतात.

ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरून जी शीळ कानठळ्या बसवते, तिच्यासारखेच हे घडले. चूक स्वतःलाच खाद्य पुरवीत गेली. जुन्या पद्धतीतही चुका होत, पण तेथे त्यांना आळा घालणारे बोलणे होते. नव्या व्यवस्थेत मध्ये हात घालायला माणसाला जागाच ठेवलेली नव्हती.

२७ तारखेच्या दुपारपासून अर्धे काम संगणकावर आणि अर्धे हाताने, असे सुरू झाले. ते बरे चालले. पुढे ४ नोव्हेंबरला पहाटे दोनच्या सुमारास यंत्र मंदावत गेले आणि खरोखरच बंद पडले. कारण शोधले तेव्हा आढळले की तीन आठवड्यांपूर्वी एका दुरुस्तीच्या वेळी आज्ञावलीत काही ओळी चुकून राहून गेल्या होत्या. गाडी पाठवण्याच्या प्रत्येक वेळी त्या ओळी संगणकाच्या स्मृतीचा लहानसा तुकडा अडवून ठेवीत आणि सोडीत नसत. थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात, येथे थेंबाथेंबाने तळे आटले. जोडीला ठेवलेला दुसरा संगणकही ऐन वेळी काम हाती घेऊ शकला नाही, आणि कर्मचारी पुन्हा कागद-पेन्सिलीकडे वळले. वृत्तपत्रांना हा बिघाड समजायला सोपा गेला. खरे अपयश मात्र आठवडाभर आधीचे होते, जेव्हा काहीच बंद पडले नव्हते.

या दिवसांत वीस-तीस माणसे दगावली असावीत असे वृत्तपत्रांतून छापून आले. चौकशी अहवालानुसार, गाडी उशिरा आल्यामुळे रुग्णाचा मृत्यू झाला असा निर्णय तोवर कोणत्याही मृत्यु-चौकशी न्यायालयाने दिलेला नव्हता. म्हणून हानी झाली नाही असे म्हणता येत नाही, आणि अमुक इतकी झाली असेही सिद्ध करता येत नाही. तोच रुग्ण, तीच वेळ आणि वेळेवर आलेली गाडी असा प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही. माहिती-व्यवस्थांच्या मूल्यमापनातील ही अडचण जुनीच आहे, फक्त येथे तिचे रूप भीषण होते. जे सर्वांत महत्त्वाचे असते ते सहसा यंत्रापासून सर्वांत दूर असते आणि मोजायला सर्वांत अवघड. यंत्राजवळचे मोजणे सोपे, म्हणून आपण तेच मोजून समाधान मानतो.

मोजण्याचा हा इतिहास शंभर वर्षे मागे नेता येतो. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेपूर्वी कोणती पद्धत निवडावी हे ठरवण्यासाठी तीन पद्धतींची स्पर्धा घेण्यात आली. सेंट लुईस शहराच्या काही भागांतील, आधीच्या जनगणनेत नोंदलेल्या १०,४९१ लोकांची माहिती तिघांनाही देण्यात आली. हर्मन हॉलरिथच्या भोके पाडलेल्या कार्डांच्या यंत्राने वर्गवारी साडेपाच तासांत केली. सर्वांत मागे पडलेल्या पद्धतीला त्यासाठी साडेपंचावन्न तास लागले. म्हणजे हॉलरिथ दहापट वेगवान! पण परीक्षक चतुर होते. मूळ नोंदी कार्डांवर किंवा कागदांवर उतरवून घेण्याचा वेळही त्यांनी मोजला होता. तो हॉलरिथचा साडेबहात्तर तास आणि त्या पद्धतीचा साडेएकशेचव्वेचाळीस तास. बेरीज केली तर ७८ विरुद्ध २००. हॉलरिथ जिंकलाच, पण दहाचे गुणोत्तर अडीचवर आले. विद्यार्थ्यांकडून ही बेरीज-भागाकार करवून घेण्यासारखी आहे. यंत्राचा वेग आणि कामाचा वेग यांतला फरक त्यांना कोणत्याही व्याख्येवाचून कळेल.

हा फरक ओळखणारी एक संस्था लंडनमध्येच होती, आणि ती होती चहा-केक विकणारी. जे. लायन्स आणि कंपनीची चहागृहे लंडनच्या रस्तोरस्ती होती. एकेका कपामागे नफा थोडा आणि व्यवहार लाखोंनी, त्यामुळे हिशेब ठेवण्याचा खर्चच नफा खाऊन टाकील अशी स्थिती. गणित शिकलेले जॉन सिमन्स १९२३ मध्ये या कंपनीत आले. १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत तेथे एक लहानसा विभाग निघाला. त्याचे काम एकच, कारकुनी काम कसे चालते ते पाहायचे. कोणता कागद कोठून निघतो, कोठे जातो, तो कोण वाचतो, आणि नाही वाचला तर काय बिघडते? हा शेवटचा प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटतो. आपल्या शाळा-कार्यालयांतील किती रजिस्टरे या प्रश्नापुढे टिकतील, याचा विचार वाचकांनी एकांतात करावा.

संगणक ही वस्तू तेव्हा जन्मालाही आली नव्हती. १९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी, थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड, अमेरिकेत गेले आणि तेथे त्यांना इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांची माहिती मिळाली. परत येऊन त्यांनी अंदाज मांडला की सुमारे एक लाख पौंड खर्चाचे यंत्र वर्षाला पन्नास हजार पौंड वाचवील. तो मांडता आला, कारण कोणत्या कामाला किती माणसे आणि किती वेळ लागतो हे त्यांच्याजवळ आधीच लिहिलेले होते. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांचे ‘एडसॅक’ यंत्र तयार होत होते. लायन्सने त्याला पैसा आणि एक तंत्रज्ञ देऊन मदत केली आणि त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव ‘लिओ’. सुमारे सहा हजार निर्वात नळ्यांचे हे यंत्र १९५१ च्या अखेरीस बेकरीतून बाहेर पडणाऱ्या मालाच्या किमतीचा साप्ताहिक हिशेब नियमितपणे करू लागले. व्यापारी संस्थेचे नित्याचे काम संगणकावर होऊ लागल्याचे हे जगातले पहिले उदाहरण मानतात.

पहिले काम हेच का निवडले, तर यंत्र अडले तरी कोणाचा पगार थांबणार नव्हता. पगारपत्रकाचे काम नंतर आले. तेही काही आठवडे कारकून आणि यंत्र अशा दोघांनीही केले, दोघांचे आकडे ताडून पाहिले, आणि मग १९५४ च्या सुरुवातीला ते यंत्रावर सोपवले. एका कर्मचाऱ्याच्या पगाराच्या हिशेबाला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद. ही तुलना पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. आम्हांला मात्र त्याच वर्षी सुरू झालेले चहागृहांच्या मागणीचे काम अधिक बोलके वाटते. पूर्वी प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापिकेला रोज मागणीचे तपशीलवार तक्ते भरावे लागत. आता प्रत्येक वाराची नेहमीची मागणी यंत्राजवळ ठेवली आणि तिने फक्त बदल तेवढा दूरध्वनीवर सांगायचा असे ठरले. ऐकणारी मुलगी तो बदल तेथल्या तेथे कार्डावर पंच करी. दुकान चालवणाऱ्या बाईचे लिहिण्याचे काम कमी झाले. माहिती जेथे जन्मते तेथल्या माणसाचे ओझे वाढवायचे नाही हे त्यात पाहिले गेले. लंडनच्या रुग्णवाहिकेत बटणे दाबणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत नेमके हेच पाहिले गेले नाही.

लायन्सची ही गोष्ट सरळ विजयाची नाही, हेही सांगितले पाहिजे. चहागृहांचे दिवस पालटले, संगणक बनवणारी तिची शाखा १९६३ मध्ये दुसऱ्या उद्योगात विलीन झाली आणि लायन्स स्वतः १९७८ मध्ये विकली गेली. हिशेब उत्तम असणे आणि धंदा टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी असे निदर्शनास आणले होते की संगणक जिकडे तिकडे दिसतात, पण उत्पादकतेच्या आकडेवारीत मात्र त्यांचा मागमूस दिसत नाही. त्यावरून पुढे पुष्कळ वाद झाले.

योगायोग असा की ज्या वर्षी लंडनमध्ये हे सारे घडले, त्याच १९९२ साली विल्यम डेलोन आणि एफ्राइम मॅक्लीन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती-व्यवस्था यशस्वी झाली असे आजवर कोणकोण कशाच्या आधारे म्हणत आले, हे त्यांनी शंभराहून अधिक अभ्यास चाळून पाहिले. कोणी यंत्राचा दर्जा मोजला होता, कोणी माहितीचा. कोणी वापर किती होतो ते पाहिले, कोणी वापरणाऱ्याचे समाधान. व्यक्तीच्या कामावर आणि शेवटी संस्थेवर काय परिणाम झाला हे शोधणारेही होते. या सहा गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि एकीवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही असे त्यांचे म्हणणे. यांतील ‘वापर’ हे माप सर्वांत फसवे. जेथे वापर सक्तीचा असतो तेथे ते काहीच सांगत नाही. २६ ऑक्टोबरला लंडनमधली नवी व्यवस्था शंभर टक्के वापरात होती. संकेतस्थळांवर विद्यार्थ्यांची माहिती रात्री जागून भरणाऱ्या आमच्या शिक्षक-वाचकांना हा मुद्दा अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

लंडनमध्ये पुढे काय झाले? नव्या व्यवस्थापनाने संगणकाची घाई केली नाही. आधी मोडकळीस आलेल्या गाड्या बदलल्या, माणसे वाढवली, नियंत्रण कक्षाची जागा सुधारली, आणि कर्मचाऱ्यांशी तुटलेला संवाद पुन्हा सुरू केला. मग १९९६ मध्ये नवी संगणक-व्यवस्था आली, तीही पायरीपायरीने. प्रथम तिने एवढेच केले की दूरध्वनीवर घेतलेली नोंद कागदाऐवजी पडद्यावरून दुसऱ्या टेबलावर पोहोचवली. पत्ता शोधणे, गाड्यांच्या जागा दाखवणे ही कामे तिला नंतर, आधीचे नीट बसल्यावर देण्यात आली. ज्यांना ती वापरायची होती त्यांना नमुने दाखवून, त्यांच्या सूचना घेऊन ती घडवली होती. १९९७ मध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने या कामाला पुरस्कार दिला. त्या पहिल्या टप्प्यात कोणती गाडी पाठवायची हा निर्णय नियंत्रण कक्षातल्या माणसाकडेच ठेवला होता, आणि गाडी नेमकी कुठे आहे हे तो गाडीवाल्याला विचारू शकत होता.